माझ्या जमिनीखाली भावाची सासू

मी इक मो, राहणार चाक वित्स, खालची वस्ती, धंदा चुना भाजणे व घरांच्या जमिनी घोटणे, आज पूर्ण शुद्धीत आहे. चुना छातीत बसला आहे, डोक्यात नाही. हे मृत्युपत्र झाडाच्या सालीच्या कागदावर स्वहस्ते लिहितो. अक्षर मला कोणी शिकवलं नाही. राजवाड्याच्या भिंतींना गिलावा करताना लेखकांचे हात बघून उचललं.

घर माझं आहे. पूर्वेच्या चौथऱ्याखाली मी स्वतः पुरलेले आईवडील आणि माझी बायको निजली आहेत, आणि ज्याने आपली माणसं जमिनीखाली पुरली, त्याचं घर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ तोक यालाही. म्हणूनच मी भट्टीवर असताना त्याने आपली सासू इश काब माझ्या बायकोशेजारी, म्हणजे माझ्यासाठी राखलेल्या जागी, पुरली. बाईने जिवंतपणी माझा उंबरा ओलांडला नाही. मेल्यावर मुक्कामालाच आली.

चौथऱ्यावरचं नवं ठिगळ मला दारातूनच दिसलं. चुना न मुरवलेला, वरून न घोटलेला, कडेला भेग.

"तोक, हे काय?"

"दादा, सासूबाईंना गारवा लागतो. तुझ्याकडची जमीन थंड."

"मेलेल्या बाईला गारवा? आणि पुरायचंच होतं तर चुना तरी मुरवायचास, माकडा!"

"चिडू नकोस. आता मीही या घरचा झालो ना?"

त्याच क्षणी उकरणार होतो. पण माझी मुलगी इश मुत हिने तोवर ठिगळावर मक्याची पेज ओतली होती. "बाबा, म्हातारीला उपाशी कशी ठेवू?" झालं! एकदा पेज घातली की मेलेलं माणूस घरातलं वडीलधारं होतं, त्याला हलवता येत नाही. या पोरीच्या मऊपणापुढे मी आयुष्यभर हात टेकत आलो आहे.

परंतु पेज जो घालतो, वंशज तोच. तोकने सासूला आजवर एक घोट दिलेला नाही. इश मुत रोज देते. सबब ठिगळाखालची म्हातारी इश मुतची, आणि तिच्यासकट घर, अंगण, भट्टी व माझे घोटायचे दगड इश मुतचे.

मला बायको आणि भिंत यांच्यामध्ये ठेवावं. अडचण होईल, होऊ दे. रिवाजाप्रमाणे तोंडात मक्याचा दाणा आणि हिरवा मणी घालावा; तोक "घातला" म्हणाला तरी तोंड उघडून बघावं. ठिगळ फोडून इश मुतने नव्याने करावं, चुना पावसाळाभर मुरवून. असलं काम उशाशी घेऊन मी कायमचा पडून राहणार नाही.

तोकला काहीच दिलं नाही असं कोणी म्हणू नये. त्याला या घरात हक्काची जागा देतो: सासूच्या पायाशी.

त्याला वाचता येत नाही, म्हणून वरील सर्व मोठ्याने वाचून दाखवलं.

"दादा, दुसरीकडे कुठे नाही का रे जागा?"

नाही.

चाक वित्स. पंचांगाचा दिवस सात काबान, मोल महिन्याचा पाचवा दिवस.

लिहिणार: इक मो.
साक्षीदार: कान त्सुल, शेजारी, ज्याने पुरताना पाहिलं आणि तेव्हा तोंड उघडलं नाही.
साक्षीदार: तोक, त्याच्या हाताचा चुन्याचा ठसा. चुना इथेही पातळच कालवला आहे.