सरपंच, ट्रॅक्टर आणि बाबांची डबलबारी

चिंचपोकळी,
गणपती गेल्यानंतरचा पहिला रविवार

तीर्थरूप रखमाआत्यास राजेशचा साष्टांग नमस्कार. (कमरेला पट्टा असल्यामुळे आठापैकी पाचच अंगं जमिनीला लागतात, उरलेली तीन मनोभावे टेकवली आहेत असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना, की बाटली देवळीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? लवूकाकांचा आवाज बसला होता तो उठला का? उठला असेल तर तुला त्रास आणि नसेल तर त्यांना, तेव्हा नक्की कशाची प्रार्थना करावी ते कळत नाही. आम्ही इथे सगळे खुशाल आहोत. अक्षदा तुला नमस्कार सांगते आणि गेल्या वेळचा मसाला संपला असंही सांगते.

फोन का केला नाही म्हणून रागावशील, तर आधी कारण ऐक. तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि मग मी इथून बोललेलं तुमच्या वाडीत पार खालच्या विहिरीपर्यंत जातं. शिवाय परवा अक्षदा फोनजवळ बसून कुकरची शिट्टी बिघडली एवढंच बोलली, तर संध्याकाळी तिच्या मोबाइलवर कुकरच कुकर. ज्यांना आमची शिट्टी कळते त्यांना आमची गोष्ट कळायला कितीसा वेळ लागणार? म्हणून पत्र. पाकिटाच्या तोंडावर सेलोटेप लावून वर माझी सही केली आहे. सही तुटलेली दिसली तर समज, कुणीतरी हात मारला.

गोष्ट कुठली ते तुझ्या लक्षात आलंच असेल. बाबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या पडवीत आमसुलं वाळत घालताना तू मला सांगितलीस ती, डबलबारीची. मला दुसरी गोष्ट सुचलेली नाही, आणि पुढे सुचेल असं अक्षदालाही वाटत नाही. त्याच गोष्टीवर मी सिनेमाची पटकथा लिहिली. दिवसभर शिवडीच्या गोदामात खोक्यांवर नंबर टाकणारा माणूस रात्री पटकथा लिहितो याचं ऑफिसात हसं झालं, पण ते सोड.

माझं डोकं फिरवलं ते दादरच्या शिबिरातल्या सरांनी. पटकथा कशी लिहावी हे त्यांनी पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकलं आणि त्यानंतर शेवटपर्यंत ती कशी चोरीला जाते हेच सांगितलं. अंधेरीचे स्टुडिओवाले तुम्हाला एसीत बसवतात, कॉफी पाजतात, गोष्ट ऐकून 'छान आहे, कळवतो' म्हणतात, आणि वर्षाने तुम्ही थिएटरात तिकीट काढून स्वतःचीच गोष्ट बघता. सरांची स्वतःची गोष्ट अशी बऱ्याच वेळा गेली म्हणे. (कुठकुठले सिनेमे ते सांगितलं. आत्या, त्यातल्या एकात मगर आहे. सर राहतात माहीमला. पण तेव्हा माझ्या मनात शंका आली नाही.) मी घरी आलो तो खिडक्या लावतच. अक्षदा म्हणाली, अगदी मामंजींवर गेलात.

बाबांचं तसं झालंच होतं ना. ती गोष्ट मी तुला काय सांगायची, पण स्टुडिओची मेघना (ती पुढे येईलच) म्हणते की गोष्ट थोडक्यात सांगता आली पाहिजे, तेव्हा सराव म्हणून सांगतो. आमच्या चाळीचे राजारामबुवा, म्हणजे बाबा, आणि शिवडीचे लवूबुवा, म्हणजे आमचे काका, समोरासमोर भजनाला बसायचे. बाबा गाण्यातून कोडं घालायचे, काकांनी गाऊनच उत्तर द्यायचं. काकांचा गळा गोड, पण उत्तराच्या नावाने शंख, त्यामुळे ते नेमाने हरायचे. आमचे आजोबा म्हणायचे, हरणाऱ्या बुवाक पोरगी कोण देतला? आणि तुझं तर तोवर मनातून काकांशीच ठरून गेलं होतं. मग बाबा खोलीत सराव करायचे तेव्हा तू भाकऱ्या थापत ऐकायचीस आणि दुसऱ्या दिवशी काळाचौकीच्या बाजारात मेथी घेता घेता काकांना कोड्याचं उत्तर द्यायचीस. काका जिंकायला लागले. बाबा चवताळले. चोर कोण, चोर कोण म्हणून पखवाजवाल्याशी बोलणं टाकलं, कोरसवाल्यांना खोलीबाहेर काढलं, खिडकीला गोधडी लावून सराव केला, आणि खोलीत ठेवलं कुणाला तर फक्त तुला. तू म्हणालीस ते मला अजून आठवतं, की दादा आधी कोडं गायचा, मग उत्तर गायचा, आणि मी मान खाली घालून ऐकायचे. शेवटी काका मोठे बुवा ठरले, आजोबा राजी झाले, लग्न झालं. आणि एवढं सांगून तू पदर डोळ्याला लावलास. "दादाक कळला असता तर त्येना माझा तोंड बघला नसता." कुणाला सांगू नकोस म्हणालीस. मी सांगितलं नाही. मी फक्त पटकथा लिहिली.

तर चोरी होऊ नये म्हणून मी एक शक्कल लढवली. स्टुडिओला पाठवायच्या प्रतीत खरे शब्द घातलेच नाहीत. बुवाच्या जागी सरपंच, पेटीच्या जागी ट्रॅक्टर, भजनाच्या जागी ग्रामसभा. गोष्ट पसंत पडली की मग खरे शब्द सांगायचे, आधी नाही. दादरला झेरॉक्सवाल्याने पानं मोजता मोजता एक ओळ वाचली. 'सरपंच ट्रॅक्टर मांडीवर घेतो, डोळे मिटतो आणि भाता मारायला लागतो.' त्याने माझ्याकडे बघितलं आणि पानं मोजायला परत पहिल्यापासून सुरुवात केली.

मग अंधेरीला बोलावणं आलं. मेघना म्हणजे आमच्या कॉलेजातल्या ओवीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल, गुणी पोरगी, पण तिने बसल्या बसल्या माझ्यापुढे एक कागद सरकवला. त्यात लिहिलेलं की अशीच कल्पना आमच्याकडे आधीपासून असू शकते आणि तशी निघाली तर लेखक तक्रार करणार नाही. म्हणजे जेवायला बसवायच्या आधीच पाहुण्याकडून लिहून घ्यायचं की ताटातला बांगडा गेला तर मांजराला बोल लावणार नाही. मी सही केली नाही. ती म्हणाली, सगळेच करतात. मी म्हटलं, म्हणूनच. मग तिने सौम्यपणे विचारलं की निदान सरपंचाच्या मांडीवर ट्रॅक्टर का आहे एवढं तरी सांगाल का, कारण आमच्या टीमला ती प्रतिमा फार आवडली आहे, सत्तेचं ओझं वगैरे. आता काय सांगणार? ट्रॅक्टर सांगितला की पेटी आली, पेटी आली की बुवा आला, बुवाच्या मागे तू आलीस. मी कॉफी संपवली आणि वेळ आली की सांगेन म्हणून उठलो. ती दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, सर, न सांगता गोष्ट घ्यायची कशी? मी तिला नमस्कार केला आणि निघालो.

आता आणखी पक्का पुरावा हवा. सरांनी सांगितलंच होतं की खऱ्या गोष्टीची एक प्रत पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि ते पाकीट न फोडता कपाटात ठेवायचं, शिक्क्यावरची तारीख कोर्टात बोलते. (नंतर एका वकिलाने सांगितलं की कोर्टात असल्या पाकिटाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण वकिलाला तरी मी नंतरच विचारलं.) या प्रतीत सगळं खरं होतं. बुवा, पेटी, तू, काका, मेथीसकट.

आत्या, तू चाळ सोडलीस त्याला जमाना झाला, म्हणून तुला सांगायला हवं. आता आमच्याकडे रजिस्टर पोस्ट आलं की त्याचा एकच अर्थ होतो, बिल्डरची नोटीस. मग ते पाकीट कुणाच्याही नावावर असो, सगळ्या चाळीसमक्ष फोडायचं असा कमिटीचा ठराव आहे. त्या ठरावावर माझी सही आहे. मी कामावर, अक्षदा बँकेत, पाकीट घेतलं समोरच्या नलूमावशींनी आणि धावत कमिटीकडे नेलं. मंडळाचा सेक्रेटरी मयूर गॅलरीत खुर्चीवर उभा राहून मोठ्याने वाचायला लागला. पहिलं पान होईपर्यंत ही नोटीस नाही हे सगळ्यांना कळलं, पण तोवर बायकांनी गॅस बंद केले होते. मी जिना चढून आलो तेव्हा मध्यंतर होऊन गेलं होतं. मी ओरडलो, अरे, ते माझं आहे. तर दोघा-तिघांनी एकदम दटावलं, गप रे, ऐकू दे. शेवटी मी पण पायरीवर बसलो आणि ऐकलं. मयूर वाचतो बरा.

तुझं नाव निघालं तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण कुणी नावं ठेवली नाहीत, उलट खालच्या मजल्यावरच्यांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी मयूर घरी आला. या वर्षीच्या देखाव्याला विषय नव्हता आणि त्याला तो मिळाला होता. मी स्पष्ट नाही म्हटलं. तो म्हणाला, राजूदादा, तुमची परवानगी नको, बुवा चाळीचे होते. आता बोल.

देखावा चांगला झाला, खोटं कशाला बोलू. हलणारी चित्रं नवी करायला पैसे नव्हते म्हणून मागच्या वर्षीच्या कृष्णजन्मातली घेतली. बाबा म्हणून कंस, मिशा तेवढ्या कमी केल्या. तू देवकी, हातात बाळाच्या जागी भाकरी. काका वसुदेव, डोक्यावर टोपली घट्ट बसवलेली, निघेना, म्हणून तिच्यात मेथी भरली. मोटर लावली की कंस पेटी वाजवायचा, देवकी भाकरी फिरवायची आणि मागून टेपवर मयूरच्या आवाजात आधी कोडं, मग उत्तर. मोठ्या गणपतीची रांग सोडून माणसं आमच्या गल्लीत येत होती. एके दिवशी त्या गर्दीत मेघना होती. ती लालबागला दर्शनाला आलेली, रांगेला कंटाळून आत शिरली, आणि कंसाच्या मांडीवर पेटी बघून तिने तिथूनच मला फोन लावला. म्हणाली, सर, म्हणजे ट्रॅक्टर म्हणजे हार्मोनियम?

मी हो म्हटलं. आता लपवायचं काय होतं? आणि आत्या, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या गोष्टीला हात लावायची आता कुणाची छाती नाही. चोरलीच तर अख्खी गल्ली साक्षीला उभी राहील, टेपसकट. महिनोन् महिने झोप मोडून मी जे करू शकलो नाही ते या लोकांनी माझं न ऐकून करून टाकलं. राग आहे मला त्यांचा, पण करणार काय, आपलीच माणसं.

काकांना नमस्कार, वाडीतल्या थोरांना नमस्कार, लहानांच्या पाठीवर थाप. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
राजू

ता. क. मेघनाने येत्या महिन्यात परत बोलावलंय, या वेळी मोठ्या साहेबांसमोर. त्या कागदावर सही करीन म्हणतो. पण मला गाता येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि बाबांची चाल आता तुझ्याशिवाय कुणाला येते? तू ये. नुसती बाजूला बसून कोडं आणि उत्तर गा. बाकी मी बोलेन.

ता. क. आत्या, मी अक्षदा. यांनी पाकीट दोनदा उघडून दोनदा चिकटवलं, तिसऱ्यांदा मी उघडलं. पत्र मी वाचलं, नलूमावशींनी वाचलं, मयूरने शुद्धलेखन तपासलं. स्टुडिओबिडिओ सगळं लिहिलंय, पण जे लिहायला बसले होते ते लिहिलंच नाही. परत लिहायला बसवलं आहे. मसाल्याची घाई नाही, येताना आणला तरी चालेल.

ता. क. बरं, लिहितो. शेवटच्या दिवशी देखावा चालू असताना नलूमावशी खुर्चीवरून उठल्या आणि मयूरला टेप बंद करायला लावली. म्हणाल्या, शेवट चुकलोहा. मग मला म्हणाल्या, "अरे, कोडा घालणारो बुवा उत्तराचो सराव कशाक करतलो? उत्तर तर समोरच्यान गावचा असता." आत्या, हे इतक्या वर्षांत ना तुझ्या लक्षात आलं, ना पटकथा लिहिताना माझ्या. एकदा चुकून तोंडून गेलेलं उत्तर तू काकांना पोचवलंस हे बाबांना दुसऱ्याच बारीला कळलं होतं. ते मावशींनी तेव्हाच त्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि कुणाला न सांगण्याची शपथ बाबांनी त्यांना घातली होती. खिडकीला गोधडी लावली ती दुसऱ्या कुणी ऐकू नये म्हणून. कोरसवाले बाहेर, तू आत, आणि तुझ्या नीट ध्यानात राहावं म्हणून ते उत्तर दोन-दोनदा गायचे. हरणाऱ्या बुवाला आजोबा पोरगी देणार नव्हते, म्हणून ते स्वतः हरले, आपल्याच चाळीत, आपल्याच लोकांसमोर. तू काही चोरलं नाहीस गं. तुझ्या दादाने तुला ते दिलं होतं.

काकांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव. आपण जिंकलो असं त्यांना अजून वाटतं.