पावसाळ्यात जोडलेल्या गिटारी

लिहून ठेवणार: रामहरी गोरोबा सुरवसे, वय सदुसष्ट, धंदा शेती, राहणार नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव.

‘धंदा’ या शब्दापाशी बराच वेळ मोडला. दस्त लिहिणारे धनाजी म्हणाले, “आण्णा, गिटारी करता की तुमी. गिटार कारागीर लिहू का? भारी दिसंल.” मी शेतीच लिहायला लावले. कारण कलम तीनमध्ये आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, आणि घालून कोणाच्या हाती फारसे काही लागणारही नाही.

१. राहते घर, शिवारातली जमीन आणि बँकेतली ठेव माझी एकुलती एक मुलगी निकिता हिला द्यावी. तिने सगळे विकले तरी माझी हरकत नाही. माझे धाकटे बंधू “पोरीला कशाला, ती पुण्यात” असे म्हणतील. त्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. त्यांना ऐकू कमी येते, आणि गोष्ट सोयीची नसली की आणखीच कमी.

२. मोटारसायकल पुतण्या दिग्विजय याला. माझ्या साठीला त्याने चौकात फ्लेक्स लावला होता, ‘गिटारसम्राट रामहरी आण्णा’, डोळ्यांवर काळा चष्मा चिकटवलेला. मी त्याला चारचौघांत झापले. पण त्या आठवड्यात दूध घालायला रोज चौकातूनच गेलो. मी मेल्यावरही तो फ्लेक्स लावणार, त्याला कोण अडवणार. त्यावर नाव आणि तारीख एवढेच असावे. सम्राट, निर्माता, कारागीर यातले काहीही लिहू नये.

३. कारागीर हा शब्द मला फार हवा होता, हे सांगून टाकतो.

हैदराबादच्या एका ट्रक ड्रायव्हरने हायवेवरच्या ढाब्यावर फुटकी गिटार टाकून दिली होती. ती मी घरी आणून उकलली, आत काय कुठे चिकटवलंय ते पाहिले आणि तशी दुसरी केली. मग दरवर्षी एक. पेरणी-कोळपणी उरकली की रास होईपर्यंत शेतकऱ्याला थोडी सवड असते, म्हणून माझी प्रत्येक गिटार श्रावण-भाद्रपदात जोडलेली. ओल्या हवेत लाकूड फुगते. तसेच चिकटवले की उन्हाळ्यात ते आखडते, सरस सोडत नाही आणि फळी फाटते. दर चैत्रात फाटायची. मी आधी आंब्याच्या लाकडाला दोष दिला, मग सागाला, मग सरसाला, मग सरस विकणाऱ्याला. महिना बदलावा हे काही सुचले नाही. उन्हाळ्यात नांगरट, लग्ने, पाण्याची ओढाताण, सवड कुठली?

माझी पत्नी तुळजाबाई दर पावसाळ्यात म्हणायची, “आवो, पापड तरी कुनी पावसात घालतं का? अन् तुमी लाकडं चिकटवत बसताव.” मला ती चेष्टा वाटायची.

तो फ्लेक्स पाहून लोहाऱ्याच्या एका शिक्षकांनी मुलीसाठी, शिवप्रियासाठी, गिटार करून मागितली. परक्या माणसाने मागितलेली ती पहिली आणि शेवटची. एप्रिलमध्ये सोलापूरला स्पर्धा होती. मी मुद्दाम गेलो. वाजवता वाजवता फळी तडकली, आवाज मागच्या रांगेपर्यंत आला. पोरे हसली. शिवप्रिया मला म्हणाली, “काका, तुमी काय मुद्दाम केलं व्हय?” तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्यानंतर तिने गिटारला हात लावला नाही.

पुढच्या पावसाळ्यात तुळजाबाई आजारी पडली. दवाखान्यापायी लाकडाला हात लागला नाही. कार्तिकात ती गेली. रिकाम्या घरात बसवेना म्हणून चैत्रात एक गिटार जोडली. ती पुढचा पावसाळाही निभावली आणि उन्हाळाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. स्वतःला सवड मिळेल तेव्हा करतो तो हौशी. लाकडाची वेळ पाहून स्वतःची कामे बाजूला सारतो तो कारागीर. मी एकदाच तसे केले, तेही न कळता. एक पोळी टम्म फुगली म्हणून कोणी सुगरण होत नाही. म्हणून शेती.

४. ती एक धड गिटार शिवप्रियाला द्यावी. जीपमधून मांडीवर घेऊन मी एकदा लोहाऱ्याला गेलो होतो. तिने चहा केला, गिटारवरून हात फिरवला आणि म्हणाली, “चांगली झालीय काका. पर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच.” पुन्हा नाही म्हणाली तर आग्रह करू नये. निकिताने तारा सैल करून ती माळ्यावर ठेवावी. कोणी वाजवील अशी आशा मला नाही, आणि नसलेली वस्तू मृत्युपत्रात लिहिता येत नाही.

बाकीच्या फाटक्या गिटारी बंबात घालाव्यात. लाकूड आता चांगले वाळलेले आहे.

५. रंधे, पटाश्या, करवती, शिकंजे हे सगळे मल्लेश सुतार यांना. माझी पहिली पटाशी त्यांचीच होती, आणि शेतकऱ्याला हे कशाला असे त्यांनी कधी विचारले नाही. हत्यारे दिल्यामुळे त्यांची साक्ष घेता येत नाही, असे धनाजी म्हणतात.

६. मल्लेश विचारतात, “आता कळलंय तर दुसरी का जोडंना झालाव?” यंदा चैत्रात बसलो होतो. उजवा हात थरथरतो. रेघेवर धरलेली पटाशी रेघेवर राहत नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. मला याचा राग येतो. कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण: नळदुर्ग
दिनांक: २१ एप्रिल २०२५

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष हे वाचून दाखवले:
१) धनाजी विश्वनाथ मिटकर (सही)
२) योगीराज बसप्पा घोडके (सही)

लिहून ठेवणार:
रामहरी गोरोबा सुरवसे
(यांना लिहितावाचता येते. तीन कागदांवर सही करून पाहिली, एकीसारखी दुसरी आली नाही. सबब डाव्या हाताचा अंगठा घेतला. अंगठा हलू नये म्हणून साक्षीदार क्रमांक दोन यांनी मनगट धरले.)