ग्रंथपालबाईंचा चेहरा

६ जुलै

हंगामाची पहिली मैफल पार पडली. चौघींचं व्हायोलिन. शेवटी प्राचार्य स्टेजवर चढून म्हणाले, "काय तो आवाज! सभागृहाच्या कोपऱ्या-कोपऱ्यात पोचला!" टाळ्या. मी मागे आवाजाच्या मिक्सरच्या आडून वाकून नमस्कार केला. (धाकट्या मेहुणीला अजून वाटतं मी कॉलेजात स्वयंपाकघरातला मिक्सर चालवतो. समजावणं सोडून दिलंय.)

आता खरं काय ते इथे लिहितो. चारपैकी दोन व्हायोलिनं मला ऐकू आली. उरलेल्या दोघी नुसत्या हात हलवत होत्या.

७ जुलै

डावा कान केव्हाच संपावर गेलाय. उजव्याने आता नियमानुसार काम सुरू केलंय — वरचे सूर घेणार नाही, कुजबुज घेणार नाही, पाठीमागून आलेलं काहीही घेणार नाही. वाटाघाटी बंद.

कॉलेजच्या या सभागृहात माईक लावण्यात माझी सगळी हयात गेली. आवाजवाला बहिरा आहे हे प्राचार्यांना कळलं, तर दुसऱ्या दिवशी रवानगी प्रयोगशाळेच्या भांडारात. तिथे बाटल्या पुसत बसा. बाटल्यांना आवाज नसतो, एवढीच काय ती सोय.

डॉक्टरकडे जाईन. बघू. घाई काय आहे!

१३ जुलै

शोध लागला!

आज बासरी होती. मला काय ऐकू आलं? वारा. गृहस्थ डोळे मिटून तल्लीन, लोक तल्लीन, आणि मी बटणांवर बोटं ठेवून घामाघूम. कुठलं चढवू, कुठलं उतरवू? तेवढ्यात शेजारी लक्ष गेलं. ग्रंथपालबाई. त्या वर्षानुवर्षं माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसतात — तिथे पंखा लागतो म्हणून. माझ्या टेबलावरच्या छोट्या दिव्याचा उजेड नेमका त्यांच्या चेहऱ्यावर पडतो.

आणि काय चेहरा आहे तो! बासरी टोचली की डावी भुवई वर. आवाज जड झाला की हनुवटी आत. सगळं जागच्या जागी बसलं की डोळे मिटून डोलणार. मी भुवई बघून वरचे सूर उतरवले, हनुवटी बघून खालचे. दहा हजार मशिनं ओवाळून टाकावीत!

मैफल संपल्यावर बासरीवाले येऊन म्हणाले, "तुमचा कान तयार आहे हो."

मी लाजलो.

२० जुलै

पियानो. भुवई, हनुवटी, डोलणं. प्राचार्यांनी पाठ थोपटली.

२३ जुलै

बायको इस्पितळात मेट्रन आहे. तिथे म्हणे तिच्या आवाजाने रुग्ण उठून चालायला लागतात. घरी मात्र पुटपुटते! काल सकाळी जाता जाता दारातून म्हणाली, "संध्याकाळी पाणी येणार आहे." मी शहाण्यासारख्या सगळ्या बादल्या, पातेली, घंगाळं काढून नळाखाली रांगेत लावल्या. संध्याकाळी तिच्या इस्पितळातले चौघेजण आले. पाहुणे! पाहुणे येणार आहेत, म्हणाली होती. चौघेही बादल्या ओलांडत दिवाणखान्यात पोचले. 'ध'चा 'मा' करायला मला कुणी कारस्थानी बाई लागत नाही, माझा डावा कान पुरेसा आहे.

तिने भांडण काढलं नाही. उलट हल्ली भलतीच मायेने वागते. काही सांगायचं तर समोर येते, खांद्यावर हात ठेवते, डोळ्यांत बघते, मग बोलते. या वयात! मेट्रनला पाझर फुटलाय.

३ ऑगस्ट

लिहू की नको?

लिहितो. आज हंगामातली सगळ्यांत मोठी मैफल होती. नावाजलेले गायक, बाहेर माणसं उभी. बुवांनी पहिला सूर लावला आणि बाईंचा चेहरा वाकडा झाला. उतरवलं. आणखी वाकडा. आणखी उतरवलं. डोळे घट्ट मिटलेले, गाल आत, कपाळावर आठ्यांचं जाळं — मी म्हटलं, काय भयंकर आवाज लागलाय बुवांचा! उतरवत गेलो. शेवटी बुवा काचेच्या पेटीतल्या माशासारखे नुसते तोंड उघडमीट करत होते.

मग लोक ओरडायला लागले. "वा वा! वा वा!" हात वर करकरून. इतकी दाद या सभागृहात मी कधी पाहिली नव्हती. मी उठून उभा राहिलो, हसलो, हात जोडले.

लोक "आवाज! आवाज!" म्हणून ओरडत होते.

५ ऑगस्ट

प्राचार्यांसमोर हजेरी. बुवा म्हणे गाडीत बसेपर्यंत बोलले नाहीत, आणि बसल्यावर जे बोलले ते प्राचार्यांना सांगता येत नाही. "झालं काय नेमकं?"

"वायर, साहेब."

बिचारी वायर! तिला काढून फेकलं, नवी आणली. आयुष्यभर इमानाने वागली होती.

दुपारी कळलं, बाईंची दाढ किडली होती. त्या रात्री ठणकत होती, तरी मैफल चुकवायची नाही म्हणून आल्या. आज उपटली. म्हणजे बुवा छान गात होते. माझा मीटर दुखत होता.

१० ऑगस्ट

बाईंचा अर्धा चेहरा सुजलेला. उरलेल्या अर्ध्यावर काम भागवलं. नीट बघावं लागत होतं, म्हणून खुर्ची जवळ ओढून घेतली.

उठताना त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सोमवारी वाचनालयात या. मला तुमच्याशी बोलायचंय." हे स्वच्छ ऐकू आलं. समोरून होतं ना.

१२ ऑगस्ट

वाचनालय! भिंतीवर हातभर अक्षरात 'शांतता राखा'. बाईंनी मला कपाटांच्या मधल्या बोळात नेलं, खाली मान घातली आणि कुजबुजायला लागल्या. पुष्कळ वेळ कुजबुजल्या. पुस्तकांच्या कण्यांवरून बोट फिरवत, एकदाही वर न बघता. मला एक अक्षर कळेल तर शपथ! मला वाटलं, मी नेलेलं पुस्तक परत केलेलं नाही, त्याबद्दल असणार. मी ठरावीक अंतराने "हो, हो" म्हणत राहिलो. शेवटी त्यांनी मान वर करून काहीतरी विचारलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "अगदी मनापासून."

बाईंच्या हातातला शिक्का खाली पडला. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या.

एवढं काय! पुस्तक देतोच आहे परत.

१४ ऑगस्ट

पहारेकऱ्याने डोळा मारला. चहावाला गालात हसला. गणिताच्या सरांनी उगाचच खांदा दाबला. मी आरशात तोंड बघून आलो, काही लागलेलं नव्हतं.

मग प्राचार्यांचं बोलावणं. दार लावून घेतलं, समोर बसले, आणि गळा खाकरून म्हणाले, "अख्खा हंगाम तुम्ही त्यांच्याकडे टक लावून बघताय. सगळ्या कॉलेजने पाहिलंय. परवा तर वाचनालयात कबुलीही दिलीत म्हणे, कपाटामागे मुलं बसली होती. शोभतं का या वयात?"

अस्सं! छातीवर हात, मनापासून… देवा रे.

इकडे आड, तिकडे विहीर. टक लावून का बघत होतो ते सांगावं तर बहिरा ठरतो. न सांगावं तर मजनू. मी पायाच्या अंगठ्याकडे बघून म्हणालो, "चूक झाली, साहेब."

मजनू ठरलो. नोकरी शाबूत!

१६ ऑगस्ट

बायकोच्या कानावर गेलंच. इस्पितळाच्या भिंतींना काय कान नाहीत? समोर येऊन बसली, खांद्यावर हात ठेवला. मी खुलासा करण्याच्या तयारीत. ती म्हणाली, "तुमचं प्रेम बसलंय म्हणे?" आणि जी हसायला लागली ती थांबेना. डोळ्यांतून पाणी. जमिनीवर बसली. "तुम्ही? अहो, तुम्ही?"

इतकं हसण्यासारखं काय आहे त्यात? मी काही अगदीच टाकाऊ नाही. रागाने जेवलो नाही. मग भूक लागली, जेवलो.

१७ ऑगस्ट

आज सतारीचा कार्यक्रम होता. बाई केस रंगवून आल्या होत्या. नवी चप्पल. गालावरची सूज उतरलेली. दिव्याच्या उजेडात चेहरा थोडा माझ्याकडे वळवून बसल्या आणि सगळा वेळ हसऱ्या राहिल्या — भुवई नाही, हनुवटी नाही. सतार कशी वाजली देव जाणे.

त्यांचं लग्न झालेलं नाही. आई होती, ती मागच्या वर्षी गेली. हे सगळं मला माहीत होतं. इतकी वर्षं शेजारी बसतात, माहीत असणारच.

थट्टा पुरे झाली. झोप येत नाही.

१९ ऑगस्ट

बाईंना कॉलेजच्या मागच्या अंगणात बोलावलं. तिथे मोठ्याने बोलता येतं. सांगून टाकलं सगळं — डावा कान, उजवा कान, भुवई, हनुवटी, दाढ. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं तोंड म्हणजे तुमचं यंत्र."

"तसं नाही हो…"

"आणि मी त्या दिवशी जे बोलले ते?"

"एक शब्द ऐकू आला नाही."

त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "बरं झालं." थोडं पुढे चालल्या, थांबल्या. "नाही. बरं नाही झालं. तसं बोलणं एकदाच जमणारं होतं मला. ते गेलं."

काय बोलला होतात, असं मी विचारलं नाही.

मग त्या एकदम ग्रंथपालबाई झाल्या. "माझं नाव पुढे करून तुम्ही तुमची नोकरी वाचवलीत. आता ते नाव परत आणून द्या. पुस्तकासारखं विसरू नका."

"आणि शेवटची मैफल?"

"तिला मी येईन. शेजारीच बसेन. पण चेहऱ्याकडे बघायचं नाही. बोटाने दाखवेन."

२० ऑगस्ट

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी पेपरवेट फिरवला. हसले नाहीत, रागावले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्या बिचाऱ्या वायरचा दोष नव्हता."

"नाही, साहेब."

"हंगाम पुरा करा. कानाला मशीन लावून घ्या. नीट ऐकू आलं तर इथेच, नाही तर भांडार." मग कपाळाला हात लावला. "पण मी ते प्रेमाचं सगळ्यांना सांगून बसलोय हो! आता कसं मागे घेऊ?"

मी म्हटलं, "बाईंचं नाव आहे त्यात. जसं पसरवलंत तसंच मागे घ्या. माझ्या कानाचं सांगा. खुशाल सांगा."

बाहेर आलो. हलकं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

३१ ऑगस्ट

हंगाम संपला. विद्यार्थ्यांचं समूहगान. बाईंचं बोट वर, बोट खाली, तळहात आडवा — थांबा. मी फक्त बोटाकडे बघितलं. छान झालं असावं. लोक उभे राहिले आणि या वेळी मी आधी पहारेकऱ्याला विचारून घेतलं, ते काय ओरडतायत म्हणून.

टाळ्या संपायच्या आत बाई उठून गेल्या. खुर्ची सरळ करून गेल्या.

४ सप्टेंबर

कानाच्या डॉक्टरने दोन इवलीशी मशिनं बसवली. बाहेर पडलो आणि दचकलो. माझे बूट करकरतात! वर्तमानपत्र घडी घालताना पत्र्यासारखं वाजतं! तडक सभागृहात गेलो, पियानोची एकेक पट्टी दाबली. मधल्या सात-आठ साफ बेसूर आहेत. आणि त्या दिवशी प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली होती! या कॉलेजात बहिरा मी एकटा नव्हतो.

घरी सांगितलं नाही. मशिनं केसांत लपतात. एखादा दिवस बायकोची गंमत करू.

५ सप्टेंबर

सकाळी बूट पुसत बसलो होतो. बायको माझ्या पाठीमागे उभी राहून फोनवर धाकट्या बहिणीशी बोलत होती, अगदी मोकळ्या आवाजात.

"नाही गं, मी नाही म्हणूनच कळवलं. हो, परिचारिकांचं अख्खं प्रशिक्षण केंद्र माझ्या हाती देत होते. पण आठवडा-आठवडा तिकडे राहायचं आणि ह्यांना इथे एकटं टाकायचं? दार ठोकलं तरी कळत नाही ह्यांना… अगं, कधीपासून! मी बोलले नाही काही. त्यांना वाटतं मला माहीत नाही. राहू दे. स्वतःहून सांगतील तेव्हा सांगतील."

मी ब्रश खाली ठेवला. वळलो. म्हणालो, "त्या केंद्रवाल्यांना परत फोन कर. येते म्हणून सांग."

मेट्रनच्या हातून फोन पडला. तोही ऐकू आला.