ताप आला म्हणून आनंद केला

अणदूर, ३ जुलै १९५७
शाळा बंदच. निम्मी पोरं फ्लूनं अंथरुणाला खिळलेली. नळदुर्गच्या डॉक्टरांचा कंपाउंडर या तापाची नवीन सुई घेऊन आला. थोड्याच आहेत, आधी आम्हा मास्तरांसारख्या सरकारी नोकरांना. माझ्या वाट्याची हिला द्या म्हणालो. आमच्या शशीच्या वेळच्या बाळंतपणापासून हिची तब्येत तोळामासा. ही नको म्हणत होती, रोज पोरांत तुम्ही असता, तुम्हीच घ्या. ऐकलं नाही मी, हिलाच टोचायला लावली.

४ जुलै
सकाळीच हिला सणकून ताप. आई खूश! देवी टोचल्यावर ताप आला की टोचणं लागलं, हे लहानपणापासून बघतोय. मलाही तेच वाटलं. देवी आल्यावर करतात तसं आईनं घरात फोडणी बंद केली, उशाला लिंबाचा पाला ठेवला. औषध द्यायचं नाही. शेजारी जाऊन हसत सांगून आलो, सुई लागली म्हणून.

५ जुलै
ताप तसाच. अंग ठणकतंय म्हणते. आई म्हणे, लई चांगलं लागलंय. शशी हिच्या कुशीतून हलत नाही.

७ जुलै
काल काही लिहिलं नाही. हिची छाती भरलीय, ओठ निळे. सायकल हाणत नळदुर्गला गेलो, डॉक्टरांना आणलं.
"चार दिवस काय करत होता, गुरुजी?"
सुईचं सांगितलं. म्हणाले, ही देवीची लस नव्हे. या सुईनं फार तर एखादा दिवस कणकण येते. अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, फ्लू आधीच शिरला होता. आता न्यूमोनिया. पेनिसिलिन दिलं. मग त्या सुईचा उपयोग तरी काय, विचारलं. वेळेवर मिळाली तर असेल, म्हणाले. नवीन आहे, खात्री त्यांनाही नाही.
आई अडाणी, तिचं सोडा. मी मास्तर. लाज वाटते.

९ जुलै
गावभर बोभाटा, गुरुजीनं सुई मारून बायको आजारी पाडली. कुणी सुई घेईना. चावडीवर जाऊन सांगितलं, सुईनं नाही, माझ्यामुळं झालं. कुणाला पटलं नाही. आई माझ्याशी बोलत नाही.

११ जुलै
ताप हटत नाही. सोलापूरला न्यायचं तर वाटेतच काही व्हायचं, म्हणून डॉक्टर थांबा म्हणतात. आज माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी.
कंपाउंडर उद्या उरलेल्या सुया घेऊन येतोय. शशीला देऊ म्हणाला. आई आज पहिल्यांदा बोलली, "माझ्या नातीला हात लावायचा न्हाय." तिचं तरी काय चुकलं? आणि न द्यावी तर पोर आजारी आईजवळून उठलेलं. तिच्या अंगात आधीच...
संध्याकाळी हिनं डोळे उघडले. बोलताना धाप लागत होती.
"शशीचं तुम्ही ठरवा. तुम्हाला कळतं."
मान हलवली.
शशी मांडीवर झोपलीय. कपाळाला हात लावून बघितला. गरम वाटतं. माझाच हात गार असेल. परत बघतो.