सहाशे वीस

३ जानेवारी २००५, सोमवार

व्हय हो, पोचलो की नीट. पिशवी बी हाय, छत्री बी हाय. तुमी जाऊन चार वर्सं झाली, तरी चौकशा सुटत न्हाईत तुमच्या. म्हणूनच ही वही आणलीया. रोज हितं लिवतो, म्हंजे सपनात येऊन माझं डोसकं खायचं न्हाय.

राधानगरीकडचं शेण, चिखल आणि जावांची तोंडं, सगळं सुटलं एकदाचं. उद्यमनगरात संगमेश आण्णांचं ग्यारेज हाय. वर माडीवर मला खोली दिलीया. आण्णा डिझेल गाड्यांचा दम वाढवून देत्यात. टर्बो म्हणून एक गोगलगाईगत यंत्र असतंय, ते इंजनात हवा कोंबतंय. जादा हवा, जादा डिझेल, की गाडी उधळलीच. आण्णा मला अक्का म्हणत्यात, त्यांची बायको दानेश्वरी बी अक्काच. तुमच्याकडनं आयुष्यात ‘अगं’च्या पुढं काय ऐकलं न्हवतं, म्हणून लई बरं वाटलं.

आलो हुतो भाकरी थापायला. पण आण्णांनी बघितलं, मी आकडे झराझरा वाचतो. सातवीपातूर शिकलो त्याचं सोनं झालं. मीटर वाचायचं काम मिळालं बघा!

५ जानेवारी

काम सांगतो, नीट ऐका. इंजनाचा जळका धूर जिथनं टर्बोत शिरतो, तिथं एक सळी घुसवलीया. त्या धुराची धग आत मीटरवर लाल आकड्यात दिसती. डिझेल जादा सोडलं की गाडी पळती, पण धग बी चढती. सातशे झालं की चालवणाऱ्यानं पाय काढायचा. आठशेच्या वर टर्बोचं वाटुळं. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर, म्हणून आकडा बाजूच्यानं वरडायचा. आण्णा म्हणत्यात, अक्का, वरडणाऱ्याचं तोंड हाच गाडीचा ब्रेक.

गाडी चालवतो सयाजी. वय तिशीचं, मिशी मातूर साठीच्या पाटलाची. मी विचारलं, मिशीला बी टर्बो बसवलाय काय. गडी लाजला. गाडीवर ओझं पायजे म्हणून मागं वाळूची चार पोती टाकत्यात. तो म्हणला, पाचवं पोतं पुढं बसू द्या. वस्ताद हाय लेकाचा.

घाण मातूर लई. धुराड्याची काजळी तेलकट, नखात शिरली की निघत न्हाय. भाकरीला बी तोच वास.

९ जानेवारी, रविवार

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आज सुट्टी. रस्ते रिकामे, म्हणून गाडी तिथं पळवून बघितली. पाचशे, साडेपाचशे, सहाशे ऐंशी, सातशे! असं मी वरडलो, आणि सयाजीनं पाय काढला. मागारी येताना म्हणला, अक्का, बायामाणसांस्नी वेग सोसत न्हाय. मी त्याच्या च्यात मीठ घातलं. थुकला बिचारा.

आण्णांच्या कानावर गेलं. हसले, पण म्हणाले, टिंगल च्यात करा, गाडीत आकडा तेवढा खरा पायजे.

१६ जानेवारी, रविवार

सयाजी गेला.

पोलिसास्नी जे सांगितलं तेच तुमास्नी सांगतो. मीटर अडकला. सहाशे वीसवर अडकला. मी सहाशे वीस, सहाशे वीस असं वरडत ऱ्हायलो, आणि त्यानं पाय दाबूनच धरला. टर्बो फुटला. गाडी सोताचंच ऑईल जाळत सुटली. ब्रेक दाबून थांबवली, पण किल्ली काढली तरी इंजन बंद पडंना. सयाजी उतरला, बॉनेट उघडलं. उकळतं ऑईल तोंडावर आलं, मग जाळ.

मिशी जळल्याचा वास नाकात बसलाय. माझ्या पदराला काहीतरी पातळ चिकटलं हुतं, दुधावरच्या सायीगत. मी बोटानं काढलं. साय न्हवती.

मीटर अडकला हुता.

१९ जानेवारी

सयाजीची आई शालूबाई आली हुती. आण्णांच्या तोंडावर थुकली. म्हणली, मोडका मीटर लावून माझं लेकरू भाजलंस. आण्णा आपलीच चूक म्हणून मान खाली घालून बसल्यात. जाळातनं उरलेला मीटर खोक्यात घालून माझ्या खोलीत ठेवलाय. सोमवारी पोलीस साहेब येणार, मीटर आणि आण्णा दोगास्नी नेणार. दानेश्वरी माझ्या मांडीवर डोकं ठिवून रडली. मी तिच्या केसावरनं हात फिरवला. बोटं काळी हुती.

२१ जानेवारी

खोक्यात उजेड दिसला म्हणून उघडलं. वायरी जळाल्यात, काच तडकलीया, तरी आकडा लाल.

सहाशे वीस.

दानेश्वरीला हाक मारली. ती म्हणली, अक्का, काच काळीच हाय की. तुमी जरा पडा.

२२ जानेवारी

दानेश्वरीनं भाकरी आणून दिली. मोडली तर आत केस. जाड, काळा, पीळ भरलेला. ओकलो. ओकारीत बी काजळी, तेलकट. तोंड धुतलं, चूळ भरली, मीठ चोळलं. दातावर साय येतीया. खरवडली की परत.

२३ जानेवारी

फरशी तापलीया. पाय टेकवंना. तांब्यातलं पाणी उकळलं, बुडबुडे बघितले मी. दानेश्वरी आली, हितंच अनवाणी उभी ऱ्हायली. म्हणती गारठा लई हाय, घोंगडं देऊ?

मीटर सहाशे वीस. हलत न्हाय. खरोखरच अडकलाय आता. मी म्हणलं तसाच —

२४ जानेवारी, सोमवार

खाली जीप आली. आण्णांचा आवाज. माझ्यामुळंच झालं, म्हणत्यात. दानेश्वरी वरडतीया —

दाराची कडी लाल. हात लावला. कातडं कडीलाच ऱ्हायलं. सायीगत —

आकडा सहाशे वीसच. खरा किती हाय? कोणतरी वरडा की — मला कळंना किती चढलंय — वास — माझ्याच केसांचा —

ऐका हो. तुमास्नी बी सांगितलं न्हवतं. मीटर अडकला न्हवता. आठशे चाळीस हुता, डोळ्यानं बघितला. वेग वाढला की मिशीवाला सोता भितोय का बघायचं हुतं. मज्जा वाटत हुती मला. सहाशे वीस मीच —