तांबडा रंग कुणाला?

४ जून
ती. दादास, शि. सा. न. वि. वि.
वहिनीनं कळवलं, तुझं पोट पुन्हा बिघडलंय आणि तू डॉक्टरांचं नाव काढू देत नाहीस. शाळा चुकवायला पोटदुखीची थाप मारणारा तू, खरंच दुखल्यावर लपवतोस होय?

माझ्याही टेबलावर सध्या आतडंच आहे. वैद्यकाच्या पुस्तकासाठी चित्र काढतेय: डावीकडे निरोगी आतडं, उजवीकडे जिवाणूंचा तोल बिघडलेलं, हजारो पट मोठं करून. मी चांगले जिवाणू हिरवे रंगवले, वाईट तांबडे. पुस्तक लिहिणाऱ्या संशोधक बाईंनी चित्र परत पाठवलं. म्हणाल्या, दोन्हीकडे बरेचसे तेच जिवाणू असतात. काही घटले की उरलेले माजतात. मग तांबडा रंग कुणाला द्यायचा? डोकं पार चक्रावलंय. ते चित्र सोबत पाठवतेय.
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

११ जून
चि. धाकटीस, अ. उ. आ.
चित्र पोचलं. तुझ्या वहिनीला तो गालिचा वाटला. मी घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून तासभर पाहिलं.

रागावणार नसशील तर सांगतो. मागच्या वर्षी डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक गोळ्या दिल्या होत्या. गुण आला. तेव्हापासून पोट दुखलं की औषधाच्या दुकानातून मी त्याच आणतो. वहिनीला ठाऊक नाही. दोन दिवस बरं वाटतं, मग पहिल्यापेक्षा वाईट. आठ किलो उतरलोय. त्या गोळ्या तांबडेच तेवढे मारतात ना? उजवीकडचं पोट माझं तर नव्हे?
लोभ होता तेवढा राहू दे.
दादा

१५ जून
ती. दादास, सा. न.
पत्र वाचून बाईंना लगेच विचारलं. म्हणाल्या, त्या गोळ्या आपला-परका बघत नाहीत. पण तुझ्या पोटात काय चाललंय ते चित्रावरून कुणीच सांगू शकत नाही. मी तर नाहीच नाही. गोळ्यांचं पाकीट घे आणि आजच डॉक्टरांकडे जा. वहिनीला तू सांग, नाहीतर मी सांगेन.
धाकटी

२९ जून
चि. धाकटीस, अ. उ. आ.
वहिनीला सांगितलं. ती चपला घालून दारात उभी राहिली. मी निमूट मागून निघालो.

तपासणीत निघालं, त्या गोळ्यांमुळेच एक जिवाणू माजला होता. त्यावर उपाय म्हणून पुन्हा गोळ्याच! वेगळ्या, दहा दिवसांच्या. डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मी दोनदा मान हलवली, कळलं काहीच नाही. पण तीन दिवस पोट शांत आहे.

वहिनी रोज गोळी हातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत तोंडाकडे बघत राहते. माझ्याशी अजून बोलत नाही. वर्षभर लपवल्याचं कसं भरून काढायचं, मला सुचत नाही. तू ये. आम्हा दोघांवरही तुझी माया असू दे.
दादा