आखाजीआधी पहिलं पान

३ मार्च
सर्च इंजिनचा नवा अपडेट आला. आम्ही सांभाळतो ती धुळ्याच्या अक्कांची मांड्यांची साइट काल पहिल्या पानावर होती, आज सापडत नाही. ‘खापरावरचे मांडे’ शोधलं की वर कुठलं तरी दिल्लीचं पोर्टल. त्यात मांडे नॉनस्टिक तव्यावर, लाटण्याने. शाबास.
आमचे मालक भूषणभाऊ, गॉगल ऑफिसातही डोक्यावर : “व्हायरल ताप आहे. उतरतो.”

५ मार्च
ताप नाही, घरचीच लागण. दिवाळीत भू.नी साइटवर खानदेशातलं गाव न् गाव टाकायला लावलं. बोदवडमध्ये मांडे. सावद्यात मांडे. मजकूर तोच, फक्त गाव बदललेलं. मी तेव्हाच लेखी कळवलं होतं की हे बुडवेल. उत्तर : “लग्नपत्रिकेत नाव राहिलं तर माणूस रुसतो की नाही? गावाचंही तसंच.” चिमुकल्यांची किलबिल तेवढी छापायची राहिली.
मशीनला रुसवा कळत नाही. तिला भरताड कळतं.

९ मार्च
एसटीने धुळे. अक्कांचे हात कणकेत, मदतीच्या दोघी पुरण वाटत होत्या. अक्का हसल्या नाहीत.
“आखाजीन्या आर्डरी त्या साइटवरथीन येतस. औंदा फोन मुका शे.”
साइट दाखवली. बराच वेळ बोटाने वर सरकवत राहिल्या. “बठ्ठा गावं शेतस. मी कोठे शे?”
सगळी गावं होती, त्या खरंच कुठे नव्हत्या. फोटोही विकतचा, बहुधा पराठ्याचा.
फोन वाजला नाही तर आखाजीआधीच, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधीच, दोघींना घरी बसवावं लागेल, म्हणाल्या. दोघींनी पुरणातून मान वर केली नाही.
मांडा हातांवर कसा वाढतो, पालथ्या खापरावर कसा पडतो, ते त्या बोलल्या तसं उतरवून घेतलं. हातांचे फोटो काढले.

१४ मार्च
भू.कडून पासवर्ड टाकवून घेतला, गावं काढली. अक्कांचं खरं पान चढवलं.
एका गावावर भू. अडले. सासुरवाडी.
“मेहुणे सरपंच आहेत. त्यांनी ते पान स्टेटसला ठेवलं होतं. काढलं तर आखाजीला जावयाला आमरसाऐवजी पाणी वाढतील.”
मी म्हटलं, पाणी तब्येतीला चांगलं.
“मॅडम, तुमचं लग्न झालेलं नाही.”
पान राहिलं. पासवर्ड त्यांच्याकडे आहे, अक्कल नाही.

२७ मार्च
काही हललं नाही. आता सर्चच्या माथ्यावर मशीनचं आयतं उत्तर येतं. त्यातलं एक वाक्य माझं. म्हणजे अक्कांचं. खाली ना नाव, ना लिंक. ज्या यंत्राला अक्कांचं पान क्रमात ठेवण्यालायक वाटत नाही, त्याला त्यांचं वाक्य मात्र चालतं. गावात अशा माणसाला एक शब्द आहे. लिहीत नाही.
भू. रोज विचारतात, “उतरला का ताप?”

६ एप्रिल
धुळ्याहून फोन. मदतीच्या दोघींपैकी एक आजपासून येत नाही.
संध्याकाळी मेहरूण तलावाला एक फेरी. कोणाशीही बोलणं नको होतं, म्हणून चांगली झाली.

११ एप्रिल
पहिल्या पानावर आलो.
अक्कांचं खरं पान नव्हे. सासुरवाडीचं. तोच भरताड मजकूर, तोच पराठा, तळाशी अक्कांचा नंबर. का, याला कारण नाही. तीनदा तपासलं. भू.नी टेबलावर थाप मारली : “नाव राहिलं नाही ना कोणाचं! बघा!” गॉगल खाली पडला. उचलून दिला नाही.
पुढच्या अपडेटला हे पान बुडणार, आणि बुडताना सगळी साइट ओढून नेणार. आज काढावं, हे बरोबर. आज काढलं तर आखाजीच्या तोंडावर फोन पुन्हा मुका.

१२ एप्रिल
सकाळीच अक्कांचा फोन. आवाज खुललेला, ऑर्डरी सुरू झाल्या होत्या.
“बेटी, फोन वाजना! नासिकनी बाई व्हती. परत एक पुण्यानी. ती पोरले उद्याथीन बलावस मी.”
मग हळूच, “मन्हा हातना फोटू पाहीसन फोन कया ना तिनी?”
हातांचा नव्हे, पराठ्याचा फोटो पाहून आला होता फोन. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
भू. सासुरवाडीला गेलेत. पासवर्ड मला देऊन. तेच पराठ्याचं पान समोर उघडं आहे.